कच्च्या नियमांतला राक्षस

आज राक्षसांविषयी. फौजेतून निवृत्त झालेला माणूस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो म्हटलं की लोक हसतात. पण १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तो युद्धखेळांतूनच. सँड मॉडेलभोवती उभं राहून अर्धं आयुष्य घालवलेल्या मला तो परका वाटला नाही.

आता मुद्दा. या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. त्याआधी, मे २०१२ पासून, तिचे कच्चे नियम ‘डी अँड डी नेक्स्ट’ या नावाने लोकांना खेळून बघायला दिले होते. याला प्लेटेस्ट म्हणतात. नवं शस्त्र दाखल करण्याआधी युनिटकडे ट्रायलला पाठवतात ना, तसंच. त्या काळात अनेकांनी कच्च्या नियमांवर आपापले राक्षस रचले. माझ्या मुलीने बंगळुरूत मित्रांसाठी अशी एक अख्खी वही भरली होती. मागच्या वर्षी ती माझ्या हाती लागली. त्यातला दलदलीतला राक्षस मी जसाच्या तसा उचलला आणि नात व तिच्या तीन दोस्तांपुढे उभा केला. चौघांचीही पात्रं तिसऱ्या पातळीची.

तीन रविवार मी त्या राक्षसाची भीती घातली होती. तो दुसऱ्याच फेरीत मेला. नात म्हणाली, “आजोबा, एवढंच?”

मी चिडून पुढच्या रविवारी त्याच्या जोडीदाराचे फटके सरळ दुप्पट केले. पहिल्याच फेरीत सोसायटीतल्या एका मुलाचा जादूगार पडला, तो उठलाच नाही. वर्षभर जपलेलं पात्र. मुलाने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली आणि न बोलता घरी गेला. त्या रात्री मात्र मी पुस्तकं उघडून बसलो.

चूक कुठे होती, ते सांगतो. वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या या आवृत्तीत आर्मर क्लास आणि हल्ल्याचा बोनस मुद्दाम अरुंद पट्ट्यात ठेवले आहेत. कच्च्या नियमांतही धोरण तेच होतं. त्यामुळे राक्षस लहान की मोठा, हे मुख्यतः दोन गोष्टींत दिसतं: तो किती मार सोसतो आणि किती देतो. नेमके हेच दोन आकडे जुन्या वहीतून उचलायचे नसतात, कारण ते त्या वेळच्या पात्रांच्या मापाने बेतलेले होते. वहीतून घ्यायचा तो राक्षसाचा स्वभाव. आमचा हा पाण्यातून झडप घालतो, एकाला पकडतो आणि खाली ओढतो. हे ठेवायचं. बाकी पक्क्या नियमांवर पुन्हा बांधायचं.

मी तसंच केलं. चार पात्रांना कठीण जावी अशी लढत हवी, म्हणून चॅलेंज रेटिंग ४ धरलं. त्याचे अनुभवगुण ११००. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीच्या चौघांना ९०० पासून कठीण आणि १६०० पासून जीवघेणी लढत सुरू होते, म्हणजे हे मधोमध बसतं. रेटिंग ४ ला प्रावीण्याचा बोनस २. ताकद १८, म्हणजे अधिक ४. हल्ला अधिक ६. पकडीतून सुटायचा आकडा ८ अधिक २ अधिक ४, म्हणजे १४. एक चावा सरासरी १५ चा, एक पंजा १३ चा. फेरीला २८.

हिट पॉइंटपाशी मात्र मी अडखळलो. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’चा तक्ता या रेटिंगला ११६ ते १३० सांगतो. पण २०१४ च्याच ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधले प्रत्यक्ष राक्षस पाहा. त्याच रेटिंगचा दोन डोक्यांचा एटिन फेरीला २८ चाच मार देतो आणि त्याचे हिट पॉइंट आहेत ८५. रेटिंग २ च्या ओगरला तक्त्याप्रमाणे निदान ८६ हवेत, छापलेत ५९. तक्ता पडताळणीला ठीक, पण मी आधी छापलेला भाऊबंद शोधतो. राक्षस मोठ्या आकाराचा, म्हणून दहा बाजूंचे फासे. असे नऊ, आणि प्रत्येकामागे कणखरपणाचे ४. सरासरी ८५. एटिनएवढेच.

पुढच्या रविवारी खेळ सुरू करण्याआधी मी त्या मुलाला सांगितलं, “मागच्या वेळी चूक माझी होती, तुझी नाही.” त्याचा जादूगार परत दिला. इतकी वर्षं हुकूम देण्यात गेल्यावर बारा वर्षांच्या मुलापुढे हे म्हणणं सोपं नव्हतं. त्याने खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला.

लढत पाच फेऱ्या चालली. दुसऱ्या फेरीत राक्षसाने नातीच्या पात्राला पाण्याखाली ओढलं, आणि तिला सोडवायला पहिला उतरला तो जादूगारच.