हाकेच्या अंतरावरचा परमार्थ

वाचकहो, मालवणहून चौके ओलांडून कसालच्या वाटेला लागलं की आपलं कट्टा गाव लागतं. कट्टा म्हणजे काय? चार माणसं टेकतात, बोलतात, एकमेकांचं बरंवाईट विचारतात ती जागा. गावाला हे नाव कशावरून पडलं ते असो, शब्दाचा अर्थ मात्र आज आपल्या कामाचा आहे. याच गावात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचं सेवांगण आहे. सेवा आणि अंगण! सेवा कुठून सुरू होते? घराच्या अंगणातून. आणि अंगण संपलं की पहिलं कोण लागतं? शेजारी. म्हणून आजचं निरूपण शेजाऱ्यावर.

तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात देवाचं सांगा, संतांचं सांगा. शेजारी रोजच दिसतो, त्याचं काय ऐकायचं? अहो, रोज दिसतो म्हणूनच सांगायचं. मित्र आपण निवडतो. सोयरे पत्रिका बघून, चौकशी करून निवडतो. गुरूसुद्धा पारखून करावा असं शास्त्र सांगतं. शेजारी मात्र निवडता येत नाही. आजोबांनी जिथं घर बांधलं तिथं आपण जन्मलो, आणि पलीकडच्या घरात जो जन्मला तो आपला शेजारी. म्हणजे हा माणूस देवाने नेमून दिलेला आहे. निवडलेल्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. नेमून दिलेल्या माणसाशी कसं वागतो, तिथं भक्तीचा कस लागतो.

आता हा शेजारी आपल्या आयुष्यात कोणकोणती कामं करतो ते बघू.

पहिलं काम, तो हाकेला येतो. आपल्याकडे घराघरांतली मुलं मुंबईला. कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, कधी एकटंच कोणीतरी. पावसाळ्याची रात्र आहे, पडवीत लाकडं काढताना फुरसं चावलं. मुलाला फोन केला तर तो जीव टाकून निघेल, निघणारच! पण कोकणकन्येत रात्री बसलेला मुलगा सकाळी उतरणार. शेजारी चपला न घालता पोचतो. रिक्षा तोच बोलावतो, रुग्णालयात तोच नेतो, आणि मुलाला फोन करून "घाबरू नको, मी आसंय हंय" असंही तोच सांगतो. मुलाचं प्रेम कमी आहे असं मी म्हणत नाही. प्रेमाला अंतर नसतं, पण विषाला वेळ असते ना!

मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. माड पडले, आंबे-फणस उन्मळले, घरांची कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या, फोनही लागत नव्हते. त्या दिवसांत मुंबईचा भाऊ, पुण्याची बहीण, परदेशातला भाचा, कोणालाच कळायला मार्ग नव्हता. तेव्हा छपरावर पडलेला माड कोणी तोडला? कोयता घेऊन पहिला कोण आला? ज्याच्याशी आपण चार वर्षं बोलत नव्हतो तोसुद्धा आला. हे खरं की नाही, तुमचं तुम्हीच आठवून बघा.

दुसरं काम देवघेवीचं. पूर्वी काड्यापेटी सांभाळून वापरायची. चुलीतला विस्तव विझला तर शेजारच्या चुलीतून करवंटीत निखारा आणायचा. निखारा देणाऱ्याची चूल विझत नाही, घेणाऱ्याची पेटते. दही संपलं की विरजण मागायला जायचं. विरजण केवढं? चमचाभर. पण त्याने अख्खं भांडं लागतं. "गे वयनी, वायच विरजण आसा?" या हाकेत दही थोडं आणि जिव्हाळा जास्त. मागायला लाज वाटत नव्हती, कारण उद्या तिलाही मागायला यायचं होतं. आज फ्रीज आला, डब्यातलं दही आलं. सोय झाली, चांगलंच झालं. पण मागण्याच्या निमित्ताने दिवसातून एकदा दार वाजायचं, ते वाजायचं थांबलं. दार वाजायचं थांबलं की आत काय चाललंय ते बाहेर कळायचंही थांबतं.

शेतातही तेच. देशावर त्याला इर्जिक म्हणतात, सावड म्हणतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. लावणी पावसाची वाट बघते, पण माणसांची वाट बघत थांबत नाही. चार घरं एकत्र आली तरच ती वेळेत होते. चतुर्थीला वाडीतल्या घराघरात आरती आणि भजन फिरतं. गणपती प्रत्येकाचा वेगळा, पण टाळ सगळ्यांचे तेच, आणि शेवटी उसळ खायला बसणारी मंडळीही तीच. यात कोणी कोणावर उपकार केला? कोणीच नाही. यालाच धर्म म्हणतात. आपल्या भाषेने शब्दच केलाय बघा, शेजारधर्म. मित्रधर्म आपण बोलताना फारसं म्हणत नाही, शेजारधर्म मात्र लहान पोरालाही कळतो.

तिसरं काम राखणीचं. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याला आपण नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. तो डोळ्यांना दिसत नाही. दिसणारा राखणदार म्हणजे शेजारी. बंद घराची चावी कोणाकडे? त्याच्याकडे. पावसात कौल सरकलं हे कोणाला दिसतं? त्यालाच. एकट्या म्हातारीच्या चुलीचा धूर आज निघाला नाही, सकाळी दार उघडलं नाही, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येतं?

चौथं काम साक्षीचं. बारशाला पाळण्याची दोरी धरायला शेजारीण, लग्नात मांडवाला शेजारी, आणि शेवटच्या दिवशी खांदा द्यायलाही तोच. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. तेव्हा शेजारच्या घरून भात येतो. त्या घासाची चव कोणालाच सांगता येत नाही, पण तो घास कोणी आणला होता हे माणूस जन्मभर विसरत नाही.

आपल्याच मालवण तालुक्यातली आचऱ्याची गावपळण तुम्हाला ठाऊक आहे. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरंढोरं, कोंबडी, कुत्रीसुद्धा बरोबर. कोणत्याही जातीधर्माचा असो, गावकरी म्हणून सगळे निघतात. चिंदर आणि वायंगणीलाही ही रीत आहे. वेशीबाहेर झोपड्या उभ्या राहतात, एकमेकांना लागून. बंगलेवालाही झोपडीत, मोलमजुरीवालाही झोपडीत. चिऱ्याचं कंपाउंड नाही, गेट नाही. रात्री याच्या झोपडीतलं भजन त्याच्या झोपडीत ऐकू येतं, आणि पहाटे त्याच्या चहाचा वास याच्याकडे येतो. प्रथेमागची कारणं जाणकार सांगतील, मला त्यात एवढं दिसतं की चार वर्षांतून एकदा देव सगळ्यांना भिंतीबाहेर काढतो.

आता खरं दुखणं काढू. बुवा, हे सगळं गोड आहे, पण माझा शेजारी तसा नाही! त्याने बांध कोरला. त्याच्या फणसाची फांदी माझ्या छपरावर. त्याचं सांडपाणी माझ्या परसात. पाणंदीवर त्याने गडगा घातला. सातबाऱ्यावर पाच नावं, आणि पाचही घरांचं एकमेकांशी बोलणं बंद. आजोबांच्या काळातला दावा नातू चालवतोय. ही आपल्या कोकणची खरी गोष्ट आहे, ती झाकून परमार्थ सांगण्यात अर्थ नाही.

तर मग आख्यान ऐका, देहूचं. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1774 साली पूर्ण केलेल्या भक्तलीलामृतात तुकोबांचं चरित्र विस्ताराने सांगितलं, त्यांनी ही कथा सर्वतोमुखी केली. देहूला विठ्ठलाच्या देवळाला लागूनच मंबाजी गोसावी राहायचा. तुकोबांचा शेजारीच म्हणा. त्याची बाग होती. तुकोबांची म्हैस एक दिवस त्या बागेत शिरली, झाडं मोडली. झाली चूक! मंबाजीने राग धरला. त्याने कुंपणाच्या काट्या थेट प्रदक्षिणेच्या वाटेवर आणून टाकल्या. पुढे एकादशी. लोक दर्शनाला येणार, त्यांच्या पायांत काटे मोडणार. तुकोबांनी काय केलं? हातांनी काट्या उचलून बाजूला केल्या. मंबाजीने ते पाहिलं, आणि त्यातल्याच काटेरी फांदीने तुकोबांना मारलं. फांदी मोडली की दुसरी घेतली. अंगात काटे रुतले. तुकोबांनी उलटा हात उचलला नाही, देवळात जाऊन देवापुढे उभे राहिले.

कथा इथं संपली असती तर ती सहनशीलतेची कथा झाली असती. गोडी पुढे आहे. रात्री कीर्तन उभं राहिलं. मंबाजी एरवी कीर्तनाला यायचा बरं का! त्या रात्री तो आला नाही. तुकोबांनी विचारलं, मंबाजीबुवा दिसत नाहीत? बोलावणं धाडलं. निरोप आला, अंग दुखतंय. तेव्हा तुकोबा स्वतः उठून त्याच्या घरी गेले. दंडवत घातला, त्याचे हातपाय चेपायला बसले. मला मारून तुम्ही थकलात, चूक माझ्या म्हशीची, असा भाव. मंबाजी ओशाळला आणि कीर्तनाला आला.

इथं मारणारा कोण, आणि ज्याचं अंग चेपलं जातंय तो कोण, याचा विचार करा. तुकोबांना मंबाजीची जागा रिकामी दिसली. पाठीत काटे असताना दिसली! श्रोत्यांत बाकी सगळे होते, तरी शेजारी नाही म्हणून त्यांचं कीर्तन अपुरं होतं.

पण एक धरून चालू नका, की मंबाजी एका रात्रीत साधू झाला. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मकथनाच्या अभंगांत देहूच्या मुक्कामात याच मंबाजीकडून झालेला जाच सांगितला आहे. शेजारी सुधारेल या अटीवर तुकोबा गेले नव्हते. ते गेले, कारण वैर घरी नेऊन ते त्यांना सांभाळायचं नव्हतं.

कधी याच्या उलटही घडतं. आळंदीत ज्ञानदेवांच्या भावंडांना मांडे भाजायला खापर हवं होतं. मुक्ताई कुंभाराकडे गेली, आणि विसोबा चाटीने ते मिळू दिलं नाही. मग योगबळाने ज्ञानदेवांची पाठ तापली आणि त्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबा लोटांगण आला, पुढे विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. खापर ते केवढं, मातीचं! पण शेजारपाजारच्या माणसाने तेवढं नाकारलं की घर एकटं पडतं. आपणही कधी कोणाची पाण्याची पाइप अडवतो, वाट अडवतो. तेव्हा आपण विसोबा असतो, हे ध्यानात असू द्या.

अजून एक सावधगिरी. 1941 साली व्ही. शांताराम यांनी प्रभातमध्ये शेजारी नावाचा बोलपट काढला. एक हिंदू, एक मुसलमान, जन्माचे शेजारी. धरण बांधणाऱ्याला जमीन हवी, म्हणून तो दोघांत भांडण लावतो. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरूनच जातात. सांगायचं काय, भांडण दोघांचं असतं, फायदा तिसऱ्याचा असतो. आज आपल्या जमिनींना भाव आलाय. "तुझा शेजारी असं म्हणत होता" असं सांगत कोणी आला, तर आधी शेजाऱ्याला विचारा, मग चिडा.

मग करायचं काय? तुकोबांइतकी आपली पोच नाही, कबूल. हद्दीचा वाद असेल तर मोजणी मागा, कागद दाखवा, गरज पडली तर दावाही लावा. हक्क सोडा असं मी सांगत नाही. अन्याय सोसत बसा असंही नाही, आणि मारहाण करणाऱ्याच्या घरी एकट्याने जाऊन उभं राहा असं तर मुळीच नाही. पण चार गोष्टी दाव्याबाहेर ठेवा: आजारपण, आग, मयत आणि एकटं पडलेलं म्हातारं माणूस. वाद जमिनीचा आहे, तो जमिनीपुरता राहू द्या. तारखेला कोर्टात समोरासमोर उभे राहा, आणि रात्री हाक आली तर बॅटरी घेऊन निघा. मुलांना मात्र सांगू नका की त्यांच्याशी बोलायचं नाही. बांध आपण मेल्यावरही तिथंच राहणार आहे, वैर तरी मागे ठेवू नका.

देवळात दिवसाची शेवटची सेवा शेजारतीची. देवाला निजवायचं आणि मग घरी जायचं. कानाला शेजारती आणि शेजारी हे शब्द जवळजवळचे लागतात ना? मग उद्यापासून असं करा. रात्री देवापुढची निरांजन शांत करण्याआधी एकदा अंगणात या. पलीकडच्या घरात दिवा आहे का बघा. घरात एकटीच काकी असेल तर कुंपणावरूनच हाक मारा, "काकी, बरी आसस मां?" आतून उत्तर आलं की समजा, आरती देवाला पोचली. उत्तर आलं नाही, तर थांबू नका. गडगा ओलांडा, दार वाजवा.

रामकृष्णहरी!