आठवीनंतर शाळा बदलताय? आधी हा हिशेब बघा

कुर्ला, गोवंडी, मालवणी... मुंबईच्या उपनगरांत मूल आठवीत आलं की पालक विचारतात, "सर, नववीला प्रायव्हेट इंग्लिशमध्ये टाकू का?" टाका, पण आधी हे वाचा.

पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात.

परीक्षा आठवीत असते, उर्दूतूनही देता येते. पेपर दोन: एक बुद्धिमत्तेचा, दुसरा गणित, विज्ञान, समाजशास्त्राचा. प्रत्येकी ९० प्रश्न. सातवीत ५५ टक्के हवेत आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. फॉर्म शाळेतूनच भरतात, तेव्हा मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन विचारा.

खरी चूक निवड झाल्यावर होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं यादीत नाव आलं. अब्बांनी कुणालाही न विचारता त्याला विनाअनुदानित शाळेत टाकलं. वजीफा गेला, वर फी लागली. शिवाय दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण लागतं, नववी पहिल्याच वेळी पास व्हावी लागते आणि अकरावीत पैसे चालू राहायला दहावीत ६० टक्के लागतात.

मोफत शिक्षणाच्या हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच आहे. पुढे घरात पैशांची ओढाताण झाली की आधी मुलीची शाळा सुटते. म्हणून मुलीला या परीक्षेला नक्की बसवा.