पाडेगावची सायकल फेरी आणि १ डिसेंबरचा पाऊस
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



मागल्या पंधरवड्यात गट ऑफिसात चार-पाच तरुण सभासद आले आणि "साहेब, पाडेगावची सायकल फेरी परत कधी काढायची?" असे विचारू लागले. पहिल्या फेरीत यापैकी कोणीही नव्हते. त्यांनी ती ऐकली आहे ती पारावर, आणि पारावरच्या गोष्टीत पाऊस दरवर्षी वाढत जातो, घाटाची उंचीही वाढते. तेव्हा जे घडले ते एकदा नीट लिहून ठेवावे असे संपादकांचे म्हणणे पडले. माझी चूकही त्यात आहे, ती मीच लिहिलेली बरी.

फेरी निघाली २०२१ च्या डिसेंबरात. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे. आपल्या रानात आज जो ऊस उभा असतो त्यातला बराचसा त्या केंद्राच्या शिफारशीतून आला आहे. को ८६०३२ हा वाण 'नीरा' या नावाने १९९६ साली तिथूनच शेतकऱ्यांपर्यंत पोचला. फुले २६५ २००७ साली आला, फुले १०००१ २०१७ साली. सुरू लागणीच्या आधी बेणेमळा पाहायला दरवर्षी आपण जीपने काही सभासद नेत होतोच. त्या वर्षी मात्र टाळेबंदीच्या काळात बऱ्याच जणांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या होत्या आणि रोज दहा-वीस किलोमीटर मारायची सवय लागली होती. कोणीतरी बोलून गेले, "पाडेगावला सायकलवरच जाऊ की!" मीही हो म्हणालो. माझी नोकरीची पहिली दोन वर्षे नोंदीची वही हँडलला अडकवून सायकलवरच गेलेली आहेत; मनात म्हटले, आपल्याला कोण शिकवणार.

गळीत हंगाम चालू असताना शेतकी खात्याची माणसं सायकली घेऊन कुठं निघाली, अशी कुजबुज झाली. ती रास्तही होती. तोडणी-वाहतुकीची माणसं यात नव्हती, ऊस विकासचे आम्ही चौघेच होतो, पण हे सांगत कोणाकोणाला बसणार? चौघे आम्ही आणि नऊ सभासद, असे तेरा जण. तेराचा आकडा बघून आमच्या एका स्लिपबॉयची आई म्हणाली होती, "एक नारळ घ्या सायकलीला बांधून, चौदा होतील." नारळ घेतला नाही.

रस्ता मसूर, रहिमतपूर, कोरेगाव, वाठार स्टेशन, सालपे घाट, लोणंद, पाडेगाव असा, सुमारे शंभर किलोमीटर. बुधवारी १ डिसेंबरला पहाटे पाचला निघायचे, संध्याकाळपर्यंत पोचायचे, गुरुवारी बेणेमळा बघायचा आणि शुक्रवारी परत. सामानासाठी एक टेम्पो बरोबर.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचे रेडिओवर सांगत होते. डिसेंबरात पाऊस म्हणजे चार थेंब, असे आम्ही धरून चाललो. निघताना भुरभुर होती. मसूर मागे पडेपर्यंत ती सरळ धारेवर आली. रहिमतपुरात चहाला थांबलो तेव्हा एकाच्याही अंगावर कोरडा धागा नव्हता. जून-जुलैचा पाऊस आपल्याला नवा नाही. पण तो पाऊस कोमट असतो. हा गार होता आणि वारा समोरून. बोटं ब्रेकवर आवळून बसली की सुटत नव्हती. एकाने युरियाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली होती. सकाळी आम्ही त्याला हसलो होतो. रहिमतपुरात सगळेच दुकानदाराकडे रिकामी पोती मागू लागलो.

इथे सायकलीविषयी दोन शब्द. आमच्यात गिअरवाल्या सायकली पाचच होत्या, बाकीच्या जुन्या, दांड्याच्या ब्रेकच्या, भक्कम. या सायकलींचा रबरी गुटका चकचकीत रिंगेवर दाबतो. रिंग ओली झाली की गुटका नुसता घसरतो. सपाटीवर पाय टेकून निभते, उताराला मात्र देव आठवतो. आणखी एक म्हणजे ओल्या टायरला खडी-काच चिकटून राहते आणि चाक फिरेल तशी आत शिरते. कोरेगाव येईपर्यंत आमचे चार पंक्चर झाले. त्यातले दोन एकाच गड्याचे, आणि पंपाचा वॉशर त्यानेच घरी ठेवलेला.

कोरेगावात तात्या म्हणाले, "साहेब, हितनं माघारी फिरलं तरी कोण हसायचं न्हाई." तात्या म्हणजे आमच्यातले सर्वांत वडील सभासद, तेव्हा वय सहासष्ट. गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात, इथेही तसेच लिहितो. ते थकले होते म्हणून बोलले नव्हते. त्यांना आभाळ कळते म्हणून बोलले होते. पण तरुण मंडळी म्हणाली, निम्मं आलो, आता काय फिरायचं. मीही म्हणालो, पुढे लोणंदकडे दुष्काळी पट्टा, घाट उतरला की पाऊस तुटेल. कृषी पदविकेला हवामानाचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सुटलो होतो, त्याचा हा उपयोग.

दुसरी चूक वाठार स्टेशनला झाली. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, मी पुढं पाडेगावला जातो, पाण्याचा बंब पेटवायला सांगतो, तुम्ही याल तवर अंघोळीला गरम पाणी. विचार मोठा गोड वाटला. मी म्हटले, जा. टेम्पो गेला आणि त्याच्याबरोबर आमच्या पिशव्या, म्हणजे तेरा माणसांचे कोरडे कपडे, टॉवेल, घोंगड्या, सगळे गेले. तीन जणांचे मोबाईल पाण्याने बंद पडले होते, बाकीचे प्लॅस्टिकात गुंडाळून त्याच पिशव्यांत ठेवलेले.

वाठारनंतर चढ लागला तेव्हा बरे वाटले. पाय मारताना अंग तापते. एक-दोघांनी वर जाऊन पोत्याची खोळसुद्धा काढून टाकली. गार पावसात सायकलवाल्याचा घात चढावर होत नाही, उतारावर होतो, हे त्या दिवशी कळले. उतारावर पाय स्वस्थ, अंग ओले, आणि वारा दुप्पट. चढावर कमावलेली ऊब पाच मिनिटांत जाते. सालपे घाट आम्ही असा उतरलो, कोणी ब्रेक दाबत, कोणी चपला घासत, आणि प्रत्येकजण आपापल्या जिवाच्या काळजीत. खाली एका वडाखाली थांबून मी डोकी मोजली. बारा भरली. पुन्हा मोजली.

तात्या नव्हते.

दोघांना घेऊन मी उलटा चढू लागलो. वाहने जवळजवळ नव्हतीच. दीड किलोमीटरवर तात्या रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे दिसले. सायकल ठीक होती. मी विचारले, "तात्या, काय झालं?" ते म्हणाले, "काय न्हाय, जरा ऊन खातोय." मला आधी थट्टाच वाटली. मग बघितले तर ते कुडकुडत नव्हते. आम्ही तिघे दातावर दात वाजवत होतो आणि ते स्वस्थ. शर्टाचे बटण लावायला गेले, बोटांना बटण सापडेना. बोलणे जड, जीभ अडखळणारी. आदल्या वर्षी कारखान्याच्या प्रथमोपचार वर्गात डॉक्टरांनी सांगितले होते ते नेमके तेव्हा आठवले: गारठलेला माणूस कुडकुडतो तोवर त्याचे शरीर झुंजते आहे, कुडकुडणे थांबले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला की वेळ थोडा उरला.

दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना चालवत खाली आणले. घाटाच्या पायथ्याला रस्त्यालगत तोडणीवाल्यांची टोळी उतरलेली होती, बीडकडची. सात-आठ कोप्या. त्यांचेच हाल बघवत नव्हते. वरचा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फाटलेला, खाली चिखल, पिठाची भांडी ट्रॉलीवर चढवलेली. बायका-पोरे ट्रॉलीखाली ताडपत्री लावून बसली होती. बैल पाठीवर पाणी निथळत उभे. त्या ट्रॉलीखाली एका बाईने तीन दगडांवर चूल टिकवून धरली होती, कोरड्या चिपाडाचा एक भारा तिने अंगाखाली घेऊन राखला होता. आम्ही काही सांगायच्या आत तिने तात्यांकडे बघितले आणि पोरांना म्हणाली, "सरका."

ओले कपडे काढले, तिच्या नवऱ्याचे कोरडे धोतर आणि एक वाकळ तात्यांच्या अंगावर घातली. आमच्यातल्या एकाने हातपाय चोळायला सुरुवात केली, त्याला मी थांबवले. गारठलेले हातपाय चोळले तर तिथले थंड रक्त एकदम काळजाकडे जाते. दुसऱ्याने हळूच सुचवले की "एक घोट" मिळाला तर बघू का. दारूने अंग तापल्यासारखे वाटते आणि आतली ऊब मात्र कातडीवाटे निघून जाते. नको म्हटले. बाईने गुळाचा कोरा चहा केला. पहिला पेला तात्यांच्या हातात धरवेना, तिनेच पाजला, पोराला पाजावा तसा. तिसऱ्या पेल्याला तात्या थरथरू लागले. माणूस कुडकुडायला लागला म्हणून मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासाने ते म्हणाले, "माझी सायकल कुठाय?" तेव्हा मी ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसलो.

पुढचे थोडक्यात. दुधाच्या एका गाडीवाल्याने तात्यांना आणि आमच्यातल्या एकाला लोणंदला दवाखान्यात पोचवले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले, सकाळी सोडले. बाकीचे अकरा जण एकमेकांच्या चाकाला चाक लावून अंधारात पाडेगावला पोचलो. गरम पाणी खरोखरच तयार होते. ड्रायव्हरला बोलायचे मी ठरवले होते. पण जा तर मीच म्हणालो होतो.

त्या रात्री जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शेकडो शेळ्या-मेंढ्या गारठ्याने मेल्या, हे आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकले. बेणेमळा पाहिला, पण छत्रीतून आणि बांधावरून. उसाचे नुकसान मात्र डोळ्यांनी बघितले. ऐन तोडणीत असा पाऊस झाला की गाडी रानात जात नाही, नेली तर चाकोरीखाली खोडव्याची बुडखी चेंगरतात. तोडून पडलेला ऊस रानातच शिळा होतो, मोळीला चिखल येतो, उतारा खाली येतो. आपल्याकडेही तेव्हा गव्हाण थांबली होती. फडात पाणी उभे असेल तर दोन दिवस कळ काढा, वाफसा येऊ द्या, असे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो. काही जण ऐकतात.

शुक्रवारी परतताना सायकली टेम्पोत घातल्या. लोणंदच्या बाजारात तात्यांनी टेम्पो थांबवला. कांद्याची आवक पावसाने पडली होती, दुकाने निम्मी उघडी. तात्यांनी स्वतःच्या पैशाने आठ ताडपत्र्या घेतल्या. आम्ही वर्गणी काढतो म्हटले तर म्हणाले, "चहा मी प्यालोय."

घाटाच्या पायथ्याला टोळी होती. ऊन पडले होते, वाकळा कोप्यांवर वाळत घातलेल्या. बाईने ताडपत्र्या बघितल्या आणि आधी रागावली. म्हणाली, "च्याचं कोण पैसं घेतं व्हय?" तात्यांनी तिला धोतराची घडी परत दिली, घरी धुऊन आणता आले नाही म्हणून माफी मागितली, आणि ताडपत्र्यांचे कोणी काही बोलले नाही. निघालो तेव्हा त्यातली एक बैलांच्या वाढ्यावर घातलेली दिसली.

त्यानंतरच्या हंगामापासून आपल्या गटातील टोळ्यांना उतरताना प्रत्येक कोपीमागे एक ताडपत्री देण्याचा विषय मी शेतकी समितीपुढे ठेवला. पहिल्या वर्षी निम्म्यांना मिळाली, दुसऱ्या वर्षी सगळ्यांना. पत्रव्यवहाराची फाईल गट ऑफिसात आहे, कोणाला बघायची असेल तर बघावी.

आता यंदाच्या फेरीचे. मार्ग तोच. टेम्पो सगळ्यांच्या मागे राहील, कोणी कितीही गोड बोलले तरी पुढे जाणार नाही. प्रत्येकाने एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्वतःच्या कॅरिअरला लावावा, गूळ-शेंगदाणे खिशात ठेवावेत. रहिमतपूर, कोरेगाव, वाठार आणि घाटाच्या वर व खाली अशी पाच ठिकाणी डोकी मोजली जातील. आभाळ बिघडले तर कोरेगावातून माघारी फिरायचे की नाही, हे तात्या ठरवतील, मी नाही.

नावे गट ऑफिसात द्यावीत. नाव देताना सायकल बरोबर आणावी, ब्रेक पाणी ओतून बघण्यात येतील. यादीत पहिले नाव तात्यांचे आहे. ब्रेक त्यांनी नवीन घेतले आहेत.