सोमवारची रात्र

१९६५ साली मी साताऱ्यात चौथीत होतो. लालबहादूर शास्त्रींचा विषय निघाला की मी एक आठवण हमखास सांगत असे. त्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत 'जय जवान, जय किसान' ओरडून आम्हा पोरांचे घसे बसले होते. पुढे कधीतरी तारखा ताडून पाहिल्या आणि ही आठवण टिकली नाही. ६ सप्टेंबरला आपल्या सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, तेव्हा गणपती बसलेले होते. दोन-तीन दिवसांतच अनंत चतुर्दशी आली. शास्त्रीजींनी ही घोषणा दिल्याची नोंद मात्र ऑक्टोबरमधली आहे, अलाहाबाद जिल्ह्यातल्या उरुव्याच्या सभेतली. तोवर युद्धबंदी होऊन महिना होत आला होता.

आठवणीत नंतरचे असे आधी सरकते. तसेच नकोसे गळूनही पडते. शास्त्रीजींच्या बाबतीत काय गळून पडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा आमच्या ओट्यावरच्या गप्पांत त्यांच्याविषयी आदर होता, पण भरवसा नव्हता. १९५६ च्या अरियलूर रेल्वे अपघातानंतर मंत्रिपद सोडणारा सज्जन माणूस, हे सर्वांना मान्य होते. पण नेहरूंच्या जागी हा पाच फुटांच्या जेमतेम वर असलेला गृहस्थ? समोर सहा फुटी अयुबखान! 'हे कसं निभायचं?' असे मोठी माणसे म्हणत. आमच्या जिल्ह्याची भिस्त होती ती कऱ्हाडच्या यशवंतरावांवर; संरक्षण खाते त्यांच्याकडे होते.

१ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घातले, अखनूर धोक्यात आले. त्याला उत्तर काश्मीरमध्येच न देता पंजाबात नवी आघाडी उघडायला शास्त्रीजींनी संमती दिली. हे त्यांच्याकडून कोणी अपेक्षिले नव्हते. चार दिवसांत ओट्यावरची भाषा पालटली. ज्या उंचीची थट्टा होत होती, तिच्यावरूनच आता 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण निघू लागली.

पण घराघरांत त्यांना जागा मिळाली ती लढाईमुळे नव्हे, जेवणामुळे. पाऊस दगा देऊन गेला होता, रेशनच्या दुकानातला गहू पीएल-४८० कराराखाली अमेरिकेतून येत होता. अशा वेळी शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. हॉटेलांच्या फळ्या सोमवारी संध्याकाळी लागू लागल्या. आमच्या आजीची मात्र पंचाईत झाली. तिचा सोमवार दिवसभराचा. तो संध्याकाळी जेवूनच सोडायचा. आता देवाचे ऐकायचे की पंतप्रधानांचे? दोन सोमवार विचार करून तिने निकाल दिला, 'सकाळी जेवीन, रात्री नाही. शंकराला कळतं.' सरकारने सांगितले म्हणून आजीने व्रताची रीत बदलली, असे मी पुन्हा कधी पाहिले नाही.

१० जानेवारी १९६६ हाही सोमवारच होता. संध्याकाळी रेडिओवर ताश्कंद कराराची बातमी आली. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे. म्हणजे ऑगस्टअखेर जवानांनी जिंकलेली हाजीपीर खिंडही परत द्यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेडिओ बंद करून उठले आणि आईला म्हणाले, 'मला पान वाढ.' आई म्हणाली, 'अहो, आज सोमवार.' 'कुणासाठी उपाशी राहायचं आता?' असे म्हणून ते एकटेच जेवले. आम्ही नुसते बघत होतो.

शेजारच्या काकूंचा मुलगा पलटणीत होता. बातमी ऐकून त्यांनी देवापुढे साखर ठेवली. 'खिंड गेली तर जाऊ दे, पोरगं येईल,' एवढेच त्या म्हणाल्या. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना त्या रात्री एकाच माणसाविषयी अशी दोन मते होती.

सकाळी कळले की शास्त्रीजी मध्यरात्रीनंतर ताश्कंदमध्येच गेले. अण्णा कामावर गेले नाहीत, कोणाशी बोललेही नाहीत. कराराविषयी आमच्या घरात त्यानंतर अवाक्षर निघाले नाही. गावातही तेच झाले. आदल्या संध्याकाळी रागावलेली माणसे दुसऱ्या दिवशी शोकसभेला बसली. शास्त्रीजींचे आजचे निष्कलंक चित्र त्यांच्या साधेपणाने घडवले, यात शंका नाही. पण त्या चित्रावरचा शेवटचा हात त्या मृत्यूने फिरवला. करार बरा की वाईट, यावर लोकांनी त्यांच्याशी भांडायला हवे होते. भांडायला माणूस उरला नाही, म्हणून भांडणही विस्मरणात गेले.

अण्णांनी पुढे आयुष्यभर सोमवारी रात्री जेवण घेतले नाही. देशातली ती प्रथा केव्हाच मागे पडली होती. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना त्या रात्रीच्या पानाविषयी विचारले. 'छे, तसं काही झालं नव्हतं,' ते म्हणाले, 'शास्त्रीजी असताना मी एकही सोमवार मोडला नाही.'

मी वाद घातला नाही. माझी मिरवणूकही तेव्हा शाबूत होती.