बाजाराचं तोंड न पाहिलेली नाणी

75 रुपयांचं नाणं वाण्याच्या गल्ल्यात कधी दिसलंय? दिसणारही नाही. 2023 मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं हे नाणं चांगलं 44 मिलीमीटर व्यासाचं आणि 35 ग्रॅम वजनाचं आहे. त्यात निम्मी चांदी, 40 टक्के तांबं आणि बाकी निकेल-जस्त. ते पाडलं ते संग्राहकांसाठीच.

अशा नाण्यांवरचे आकडे मोठे गमतीचे असतात. रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला 150 रुपयांचं, बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीला 125 रुपयांचं, तात्या टोपेंच्या द्विशताब्दीला 200 रुपयांचं. जितकी वर्षं, तितके रुपये! तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली आणि थेट हजार रुपयांचं नाणं निघालं. 2011 च्या नाणे कायद्याने हजार हीच कमाल मर्यादा ठरवली, म्हणजे या खेळात मंदिराने बाजी मारलीच.

पण जाणता संग्राहक आकड्याला भुलत नाही. त्याचा पहिला प्रश्न एकच: नाणं पाडलं कसं? ‘प्रूफ’ म्हणजे फार चकचकीत, फार चांगल्या अवस्थेतलं नाणं असा सर्रास समज आहे. तो साफ चुकीचा. प्रूफ ही नाणं पाडण्याची पद्धत आहे. त्यासाठी ठसा आरशासारखा घासतात, कोरी चकतीही घासूनपुसून लख्ख करतात, जास्त दाबाखाली सहसा दोन किंवा अधिक वेळा ठोकतात आणि नाणं पोत्यात न टाकता एकेक करून हाताने उचलतात. म्हणूनच एखाद्याने अडीनडीला प्रूफ नाणं खर्चून टाकलं, ते दहा खिशांतून फिरलं, झिजलं, तरी ते प्रूफच राहतं. शेल्डन यांच्या 70 गुणांच्या श्रेणीवर त्याला साठाच्या खाली ढकलतात आणि ‘इम्पेअर्ड प्रूफ’ म्हणतात, पण त्याची जात बदलत नाही. मला या वर्गीकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

चांगलं प्रूफ दिव्याखाली धरून हळूच कलतं करा. मोकळी जागा क्षणात काळी कुळकुळीत होते, क्षणात आरसा होते आणि चेहरा मात्र पांढुरका, दवाळलेला दिसत राहतो. हा ‘कॅमिओ’. जुन्या काळी हे दव उठवणारा ठशावरचा खरबरीतपणा थोड्याच ठोक्यांत झिजून जाई. त्यामुळे त्या ठशाची पहिली काही नाणीच कॅमिओ निघत आणि नंतरची सगळी नुसती चमकदार. 1950-60 च्या दशकांतल्या अमेरिकी प्रूफांना कॅमिओची मोहोर लागली की भाव चढतो तो यामुळेच. आता लेसरने दव कोरतात, त्यामुळे आजचं जवळजवळ प्रत्येक प्रूफ कॅमिओ असतं. अमेरिकेने 2006 मध्ये याच्या उलटही करून दाखवलं: चेहरा आरसा, पार्श्वभूमी धुकट. ते ‘रिव्हर्स प्रूफ’. आणि कृपा करून असं नाणं रुमालाने पुसू नका! एका पुसण्यात आरशावर केसाएवढे शेकडो ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात.

आपल्या मुंबईच्या टांकसाळीने तर ओळखीची सोयच करून ठेवली आहे. नेहमीच्या नाण्यावर सालाखाली चौकटचा छोटा शंकरपाळा असतो. प्रूफवर मात्र अक्षर येतं: 1969 च्या गांधी शताब्दीच्या नाण्यांपासून ‘बी’ आणि शहराचं नाव बदलल्यावर 1996 पासून ‘एम’. पाकिटावर काहीही छापलेलं असो, आधी भिंग घेऊन हे अक्षर शोधा. ‘यूएनसी’ सेट ही वेगळी पायरी आहे: नाणी कोरी करकरीत, पण पाडलेली साध्याच पद्धतीने.

खरी डोकेदुखी आहे ‘रीस्ट्राइक’ची. ब्रिटिश काळातल्या नाण्यांची प्रूफं मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी मागणीनुसार नंतरही पाडून देत आणि ही प्रथा 1970 च्या सुमारासपर्यंत चालू होती. नाण्यावर साल व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, पण ठोकलेलं कित्येक दशकांनंतर! त्यामुळे लिलावात ‘मूळ प्रूफ’, ‘आरंभीचं रीस्ट्राइक’, ‘उशिराचं रीस्ट्राइक’ असे थर लागतात. घाईत एका सालाची पुढची बाजू दुसऱ्याच सालाच्या मागच्या बाजूशी जुळवली गेली, तर त्या जोडीला ‘म्यूल’ म्हणजे खेचर म्हणतात.

आणखी एक जात म्हणजे ‘पॅटर्न’, मंजुरीआधीचा नमुना. अमेरिकेतला 1856 चा उडत्या गरुडाचा सेंट असाच लोकप्रतिनिधींना दाखवायला पाडला होता. संग्राहक मागे लागले, तेव्हा टांकसाळीने तेच साल ठेवून आणखी पाडले. इंग्लंडचं 1839 चं ‘ऊना आणि सिंह’ हे पाच पौंडी सोन्याचं नाणं तर निघालंच फक्त प्रूफ म्हणून. विल्यम वायनने त्यात तरुण व्हिक्टोरियाला ऊनाच्या रूपात सिंहाला वाट दाखवताना कोरलंय. माझ्या मते यापेक्षा देखणं नाणं त्या शतकात झालं नाही.

आणि जाड नाणी आवडत असतील तर ‘पिएफोर्ट’ शोधा. व्यास तोच, जाडी दुप्पट! ही मूळची मध्ययुगीन फ्रान्सची तऱ्हा. ब्रिटनने ती 1982 मध्ये चांदीच्या 20 पेन्सने पुन्हा सुरू केली आणि तेव्हापासून तिथे पिएफोर्टांची वेगळी मालिकाच जमवता येते.