टाचेखालची वाळू

रविवार होता, द्वादशी होती आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हातात होती. या तीन गोष्टी एका दिवशी जुळून याव्यात म्हणून अलिबाग तालुक्यातल्या त्या गावाने थंडीचे दोन महिने वाट पाहिली होती. मी पोहोचले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. सुरूच्या झाडांखाली टेम्पो लागले होते, बैल उतरवले जात होते, कुणी त्यांच्या पाठीवरून ओला फडका फिरवत होतं. आणि जिथे शर्यत व्हायची होती तिथे अजून समुद्र होता.

मला पाठवलं होतं संपादकांनी. त्यांनी आयर्लंडमधल्या लेटाऊनच्या शर्यतींचं छायाचित्र पाहिलं होतं. डब्लिनच्या उत्तरेला मीथ परगण्यातलं हे समुद्रकाठचं गाव. तिथे १८६८ पासून वाळूवर घोडे पळतात, तेही वर्षातून एकच दिवस. तारीख ओहोटी पाहून ठरते. पाणी मागे सरकू लागलं की माणसं खांब, दोऱ्या घेऊन उतरतात आणि वाळूवर धावपट्टी आखतात. प्रेक्षक वरच्या तीन एकरांच्या शेतात उभे राहतात. "आपल्याकडे रायगडात बैल असेच पळतात ना?" संपादकांनी विचारलं. पळतात. वरसोली, आक्षी, नागाव, किहीम, काशीद, नांदगाव, मुरूड अशा किनाऱ्यांवर पळत आले आहेत.

रेसकोर्स म्हटलं की आपल्याला महालक्ष्मी आठवतं, फार तर रायगड जिल्ह्यातलंच माथेरानचं ऑलिंपिया. तिथे जमीन आहे, कुंपण आहे. पुळणीवर यातलं काहीच नसतं. दिवसातून दोनदा समुद्र ती जागा झाकतो आणि दोनदा मोकळी करतो. तेवढ्या वेळात तिथे टांगेही जातात. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला टांग्यातून गेलेल्यांना हे ठाऊक असेल, पाणी फिरायच्या आत परतायचं असतं.

मी खरं तर बैलांवर लिहायला गेले होते. पण तासाभरात माझं लक्ष एका सत्तरीच्या माणसाकडे गेलं आणि दिवसभर तिथेच राहिलं. गावात सगळे त्यांना काका म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले. पूर्वी ते गाडी हाकत. आता त्यांचं काम एकच, वाळू पाहायची आणि निशाणं लावायची.

काकांचं पहिलं काम पंचांगाचं. किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. इथले लोक तिला सुकती म्हणतात. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण खाडीत होडी घालणाऱ्याला तो पुरतो. त्यामागे चंद्र आहे. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते.

एवढ्यावर भागत असतं तर अष्टमीला भर दुपारी शर्यत ठेवून मोकळं होता आलं असतं. पण अष्टमी-नवमीचं पाणी भांगाचं. ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, गाड्या पळवण्याजोगी रुंद, टणक पट्टी उघडी पडतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा समुद्र दूरवर हटतो, पण हटतो तो पहाटे आणि दिवेलागणीला. अंधारात बैल कसे पळवणार? म्हणून काका मधली तिथी धरतात. द्वादशी-त्रयोदशीला सुकती दुपारी तीन-चारच्या सुमारास येते आणि पाणी उधाणाकडे निघालेलं असतं. नाहीतर तृतीया-चतुर्थी, तेव्हा सकाळी साडेआठ-नऊला. महिन्यातून असे मोजके दिवस मिळतात, त्यातला रविवार शोधायचा आणि मग परवानगीचा अर्ज करायचा.

"पानी कोनाचं ऐकत नाय, बाय," काका म्हणाले. "आपन त्याचं ऐकायचं."

सव्वा वाजता पाण्याची कड मागे गेलेली दिसली. काकांनी चपला काढल्या, बगलेत मारल्या आणि चालू लागले. मी मागोमाग. दर पंधरा-वीस पावलांवर ते थांबत, उजवी टाच वाळूत दाबत आणि खाली पाहत. बराच वेळ मला कळेना की ते काय पाहतात. मग त्यांनी मला तसंच करायला सांगितलं.

मी टाच दाबली. पावलाभोवतीची ओली, काळसर वाळू क्षणभर फिकट पडली, जणू तिच्यातलं पाणी कुणी शोषून घेतलं. पाऊल उचललं तशी ती पुन्हा ओली झाली.

"पांढरी झाली ना? इथं चाक रुतनार नाय."

आणखी पुढे एका पन्हळीशी त्यांनी पुन्हा टाच दाबायला लावली. तिथे वाळू फिकट झाली नाही, उलट पाणी वर आलं आणि टाच आत गेली. काकांनी त्या जागेला वळसा घालून काठी रोवली.

घरी आल्यावर मी हे शोधलं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. दाट बसलेल्या वाळूवर दाब आला की कणांना एकमेकांवरून सरकायला जागा लागते, ते किंचित विलग होतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्या फटींत उतरतं. म्हणून वाळू कोरडी दिसते. सैल वाळूत उलटं होतं. कण खचतात आणि पाण्याला वर ढकलतात. काकांना हे त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं, आणि त्यांनी रेनॉल्ड्सचं नाव ऐकलेलं असायचं काही कारण नव्हतं. एकच सत्य दोघांनी दोन वाटांनी धरलेलं पाहून मला फार आनंद झाला, तो इथे लिहून ठेवते.

त्या टाचेवर पुढचं सगळं उभं असतं. शर्यतीची गाडी शेतीच्या गाडीच्या मानाने अगदी हलकी असते. जू, दांड्या, दोन चाकं आणि हाकणाऱ्यापुरती जागा. बैल बहुतेक घाटावरचे खिल्लार, उंच, पांढरे, लांब शिंगांचे. भाताच्या चिखलात राबणारा कोकणचा बुटका बैल वेगळा. अशी जोडी भरधाव असताना एक चाक मऊ वाळूत गेलं तर गाडी त्या बाजूला ओढली जाते, जू तिरकं होतं आणि बैलाच्या मानेला हिसका बसतो. बैलाचा पाय गेला तर तो पाय पुन्हा कामाचा राहत नाही. काकांनी काठी चार हात इकडे रोवली की तिकडे, यावर एका जनावराचं उरलेलं आयुष्य अवलंबून असतं. म्हणून ते घाई करत नव्हते. मागून पोरं हाका मारत होती, लाऊडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारली जात होती, आणि हा माणूस मान खाली घालून टाच दाबत चालला होता.

पावणेतीनला पहिल्या दोन गाड्या सुटल्या. एवढ्या वजनाची जनावरं एवढ्या कमी आवाजात पळताना मी कधी पाहिली नव्हती. ओल्या वाळूवर खुरांचा आवाज बसका येतो. चाकांच्या लोखंडी धावेखालून पाण्याची बारीक फवार उडत होती. हाकणाऱ्याच्या हातात फक्त कासरा होता आणि तोंडाने हाळी चालली होती. मिनिट-दीड मिनिटात सगळं संपलं. विजेत्या जोडीभोवती गुलाल उधळला गेला. काका तिकडे गेले नाहीत. चाकोऱ्या किती खोल उमटल्या ते पाहत ते उलट दिशेने निघाले.

हाकणाऱ्याच्या हातात काठी-चाबूक नव्हता त्यामागे मोठा झगडा आहे. २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, मारणं हे सगळं त्या निकालात नोंदलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धाव हजार मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक नको, पशुवैद्याची तपासणी हवी. मी तिथे गेले ती मनात किंतु ठेवूनच. त्या दिवशी मी एकाही बैलाला मारताना पाहिलं नाही. पण शर्यत संपल्यावर एका बैलाच्या तोंडाला आलेला फेस आणि त्याची भेदरलेली नजरही पाहिली, आणि तीही मला विसरता येत नाही. मला वाटतं, ही शर्यत टिकावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनीच नियमांचे सर्वांत कडक राखणदार व्हायला हवं.

राखणदारी करायची तर आधी गर्दीची. दुसऱ्या फेरीत माणसं दोरी ओलांडून पट्टीत शिरली, चार-पाच मोटारसायकली चित्रीकरण करत बैलांच्या बाजूने धावल्या. बैल आवाजाला बुजतो, आडवा जातो, आणि आडवा गेला की समोर माणसंच असतात. लेटाऊनला १९९४ मध्ये गंभीर अपघात झाला. त्यानंतर त्यांनी वळणाच्या शर्यती बंद केल्या, फक्त सहा आणि सात फर्लांगांची सरळ धाव ठेवली, एका शर्यतीत दहापेक्षा जास्त घोडे नकोत असं ठरवलं. आपल्याला अपघाताची वाट पाहायची गरज नाही. प्रेक्षकांना पट्टीपासून लांब आणि उंचावर उभं करणं एवढं तरी उद्यापासून होऊ शकतं.

रविवारही आता फक्त गावाचा राहिलेला नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येऊ लागली आणि मुंबईच्या मोटारी थेट किनाऱ्यावर पोहोचल्या. ओहोटीची पट्टी पर्यटकांनाही तेवढीच हवी असते, त्यांच्या चारचाकी वाळूगाड्या तिथेच फिरतात. जिथे चाकं सतत घोळतात तिथली वाळू मोकळी होते, पुन्हा दाट बसायला तिला भरत्या लागतात. त्या दुपारी काकांनी दोन ठिकाणी पट्टी वळवली ती याच कारणाने.

बैलांचं म्हणाल तर ते शेतीतून कधीच बाहेर पडले आहेत. भातखाचरात पॉवर टिलर आला. खाचरं विकली गेली, तिथे बंगले उठले. काकांच्या लहानपणी नांगराचाच बैल सणाला पळत असे. आजचा बैल पळण्यासाठीच विकत घेतला जातो, लाखांच्या भावात, आणि खुराकाचा खर्च झेपेल अशाच घरात राहतो. गावात अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. काकांच्या गोठ्यात आता दोन म्हशी आहेत.

यातलं प्रत्येक दुखणं माणसाच्या हातचं आहे, म्हणून त्याची मला तेवढी धास्ती वाटली नाही. मला धास्ती वाटली ती संध्याकाळी.

साडेचार वाजले होते. पाणी फिरलं होतं. काका निशाणं उपटत गावाच्या टोकाकडे निघाले आणि मला हाक मारून सोबत घेतलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा इथली सुरूची झाडं आडवी झाली होती. त्यांची काही खोडं अजून वाळूत होती. पलीकडे गावाच्या रक्षणासाठी दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातलेला. तो हवाच होता, मागे घरं आहेत. पण लाट उतरत्या पुळणीवर पसरत गेली तर तिचा जोर हळूहळू मरतो. दगडावर आपटली की ती परत फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. बंधारा मागचं गाव वाचवतो आणि पुढची पुळण हळूहळू खाली जाते.

"माजा बाप हितनं गाडी सोडायचा," काका बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले.

त्यांनी टाच दाबली. मी वाकून पाहिलं. वाळू फिकट झाली नाही. टाचेच्या कडेने पाणी वर आलं आणि खळग्यात साचलं. ते समुद्राच्या दिशेने दहा पावलं गेले, पुन्हा दाबली, पुन्हा पाणी. आणखी दहा. चाळिसाव्या पावलावर वाळू पांढरी झाली. तिथे त्यांनी हातातली काठी रोवली आणि येणाऱ्या पाण्याकडे पाहत उभे राहिले. लाटेची कड काठीला लागायला किती वेळ लागतो, ते त्यांना मोजायचं होतं. पुढच्या वेळी सुटण्याची जागा इथे आणली, तर दोन भरत्यांच्या मधल्या त्या वेळातून काही वेळ वजा करावा लागणार होता.

मी घड्याळ लावलं. पाणी अकरा मिनिटांत आलं.