मोडलेल्या पायाकडे आधी का बघत नाहीत?

कॅज्युअल्टीबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचा पहिला राग बहुधा यावरच निघतो: "मांडीचं हाड बाहेर आलंय, आणि हे पोटाची सोनोग्राफी करत बसलेत!" राग समजण्यासारखा आहे. हाड डोळ्यांना दिसतं, पोटात साचणारं रक्त दिसत नाही. पण कारच्या मोठ्या अपघातानंतर रुग्णालयातला क्रम काय भयंकर दिसतंय यावर ठरत नाही, आधी कशाने जीव जाईल यावर ठरतो. हे ठाऊक नसलं की पुढची प्रत्येक गोष्ट उलटी वाटू लागते.

ही शिस्तही एका अपघातातूनच आली. १९७६ साली जेम्स स्टायनर या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान नेब्रास्कातल्या एका शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले, ते पाहून डॉक्टर असलेला हा बाप हादरला. त्यातून १९७८ मध्ये 'एटीएलएस' हे डॉक्टरांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि आज आपल्याकडच्या ट्रॉमा सेंटरांमध्येही तोच क्रम पाळतात. बाहेर धो धो वाहणारं रक्त दाबून धरायचं. मान न हलवता श्वासाचा मार्ग मोकळा करायचा, मग छाती बघायची, मग आतला रक्तस्राव, मग मेंदू. शेवटी कपडे कापून डोक्यापासून टाचेपर्यंत तपासायचं आणि लगेच पांघरूण घालायचं, कारण गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

पायाकडे दुर्लक्ष होत असतं असंही नाही. मांडीचं हाड मोडलं की एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं, म्हणून स्प्लिंट लगेच बांधतात. कमरेचं हाड फुटल्याचा संशय असेल, तर ओटीपोटाखालून साधी चादर घट्ट आवळून बांधली तरी रक्तस्राव कमी होतो. 'मोठ्या हॉस्पिटलात नुसती चादर बांधली' अशी तक्रार करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

"शांत पडलाय, म्हणजे ठीक आहे"

ओरडणाऱ्या माणसाचा श्वास चालू असतो, हे तो स्वतःच सांगत असतो. डॉक्टर आधी धावतात ते गप्प पडलेल्याकडे. शुद्धीची पातळी ते ३ ते १५ अशा आकड्यांत मोजतात. डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो यावर गुण मिळतात. ही ग्लासगो मोजपट्टी १९७४ पासून वापरात आहे. गुण ८ किंवा त्याखाली गेले, की बहुतेक वेळा घशात नळी घालून श्वास यंत्रावर घेतात, कारण असा रुग्ण स्वतःची श्वासनलिका सांभाळू शकत नाही. "व्हेंटिलेटरवर ठेवला, म्हणजे आटोपलं" हा समज त्यामुळे चुकीचा आहे. अनेकदा जखमी मेंदूला विसावा मिळावा म्हणून त्याला मुद्दाम झोपवून ठेवलेलं असतं.

याच्या नेमकं उलटही घडतं. डोक्याला मार बसलेला माणूस उठतो, बोलतो, चहा मागतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. कवटीच्या आत रक्ताची गाठ हळूहळू वाढत असते. म्हणून 'एक रात्र देखरेखीखाली ठेवू' हे वाक्य बिल वाढवण्यासाठीच असतं असं समजू नये. आणि चहा-पाणी खरंच देऊ नये. उलटी होऊन ती फुप्फुसात गेली किंवा तातडीने भूल द्यावी लागली, तर तो चहा महागात पडतो.

रक्तदाबाचंही तसंच. तरुण, धडधाकट माणसाचं शरीर जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरतं. नाडी जलद, हातपाय गार, जीव घाबराघुबरा, आणि पडद्यावर आकडा मात्र ठीकठाक. नातेवाईक आकड्याकडे बघतात, अनुभवी परिचारिका आधी हात धरून बघते.

"निदान सलाईन तरी लावा"

सलाईनवरची आपली श्रद्धा मोठी आहे. पण सलाईन ऑक्सिजन वाहून नेत नाही, आणि भरमसाट दिलं तर उरलेलं रक्त पातळ होऊन गोठेनासं होतं. म्हणून हल्ली सलाईन मोजकं आणि रक्त लवकर देण्याकडे कल आहे. सोबत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचं स्वस्त इंजेक्शन असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रॅश-२' या अभ्यासात वीस हजारांहून अधिक जखमी होते, त्यांत भारतातलेही होते. इंजेक्शनने मृत्यू कमी झाले, मात्र ते अपघातानंतर तीन तासांच्या आत द्यायला हवं. उशिरा दिलं तर अपाय होऊ शकतो.

"पोट उघडं ठेवून ऑपरेशन अर्धवट सोडलं" ही तक्रार ऐकताना अंगावर काटा येतो, पण बऱ्याचदा तेच शहाणपण असतं. रक्त गेलेलं, अंग गार पडलेलं आणि रक्तात आम्ल वाढलेलं असताना चार-पाच तासांची शस्त्रक्रिया रुग्णाला झेपत नाही. मग रक्तस्राव थांबवून, आत पॅड भरून त्याला आयसीयूत नेतात, ऊब देतात, रक्त देतात आणि एक-दोन दिवसांनी उरलेलं काम करतात. उलट प्लीहा किंवा यकृताला चीर गेली असली तरी रक्तदाब स्थिर असेल, तर कित्येकदा ऑपरेशन करतच नाहीत. नुसती नजर ठेवणं हाही उपचारच असतो, फक्त तो दिसत नाही.

"आधी पोलीस, मग उपचार" हा समज आता तरी जायला हवा. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. रुग्णालय 'एमएलसी' म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण नोंदवून पोलिसांना कळवतं, उपचार त्यासाठी अडत नाहीत. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अचं संरक्षण आहे, आणि त्याने नाव सांगायलाच हवं अशी सक्ती नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. भरती होतानाच याची चौकशी करावी.

"हाड जुळेपर्यंत हलायचं नाही"

इथे आपल्या मायेनेच घात होतो. मांडीत रॉड घालतात तो माणसाला लवकर उठवता यावं म्हणूनच. झोपून राहिलं की पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, स्नायू झपाट्याने वितळतात. फिजिओथेरपिस्ट आयसीयूतच काम सुरू करतो तो याचसाठी. किती वजन टाकायचं ते मात्र सर्जनलाच विचारावं. कोपर जखमी असेल तर तेलाने चोळणाऱ्यापासून लांब राहावं, कारण मालिशने तिथल्या स्नायूंत हाड तयार होऊन कोपर कायमचं आखडू शकतं. पायाचं सूप प्यायला हरकत नाही, पण ते पिऊन वर तंबाखू मळली तर काय उपयोग? तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो. आणि प्रौढांमधला रॉड त्रास देत नसेल, तर तो काढावाच लागतो असं नाही.

सगळ्यात उपेक्षित राहतं ते घरी आल्यानंतरचं डोकं. सीटी स्कॅन नॉर्मल असूनही मेंदूला इजा असू शकते, कारण बारीक तंतूंना बसलेला ताण त्या चित्रात अनेकदा दिसत नाही. विसरभोळेपणा, चिडचिड, आवाज सहन न होणं, झोप उडणं यांना घरचे लोक 'नखरे' म्हणतात. कारमध्ये बसताना दरदरून घाम फुटणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं हे महिन्यानंतरही टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. त्यावर उपचार आहेत. मेंदूला मार बसलेल्याला स्वतःतले बदल पुष्कळदा जाणवत नाहीत. तो डॉक्टरांना "एकदम मस्त" असंच सांगतो. म्हणून फेरतपासणीला जाताना घरातल्या कुणीतरी सोबत जावं, काय काय बदललंय ते कागदावर लिहून न्यावं, आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी दोन मिनिटं वेगळं बोलावं.